चार आकडे जुळेपर्यंत: लोकसभेच्या मतदान केंद्रावरचे दोन दिवस

मतदान संपल्यावर शाळेच्या वर्गात चार आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात. मार्क कॉपीवरच्या, म्हणजे खुणा करायच्या मतदार यादीवरच्या खुणा, १७ ए नोंदवहीतला, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक, तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याकडे जमलेल्या मतदार चिठ्ठ्या आणि कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या अधिकाऱ्याकडच्या भागावर ‘टोटल’ दाबल्यावर दिसणारी संख्या. हे चार जुळले की पुढचे कागद सुरळीत होतात. एकाचाही फरक पडला, तर तो दिवसभरात नेमका कधी शिरला हे रात्री शोधून सापडत नाही. म्हणून केंद्राध्यक्षाने संध्याकाळचा हा ताळा डोळ्यांसमोर ठेवूनच पहाटेपासून काम करायचं असतं. इथे जे लिहिलं आहे ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतल्या महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे आहे.

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि विधानसभेच्या २८८, म्हणजे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं. आपलं सगळं काम या विधानसभा क्षेत्राच्या पातळीवर चालतं. प्रशिक्षण तिथेच, साहित्य वाटप तिथेच, रात्री जमा करायचं तेही तिथेच. निवडणूक निर्णय अधिकारी जिल्ह्याच्या पातळीवर असतात. आपला रोजचा संबंध सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांशी आणि मतदानाच्या दिवशी क्षेत्रीय अधिकाऱ्यांशी, ज्यांना सगळेच ‘झोनल’ म्हणतात. कर्मचाऱ्यांची सरमिसळ तीन टप्प्यांत होते आणि कोणतं केंद्र मिळालं ते शेवटच्या सरमिसळीनंतरच कळतं. त्यामुळे ज्यांच्यासोबत दोन दिवस काढायचे त्या तीन मतदान अधिकाऱ्यांशी खरी ओळख बहुधा साहित्य वाटपाच्या मांडवात होते. तिथेच दहा मिनिटं बाजूला बसून कामाची वाटणी करावी. ज्याचं अक्षर स्वच्छ आणि हात जलद, त्याला नोंदवही द्यावी. आवाज खणखणीत असलेल्याला यादी. आणि ज्याचं लक्ष सहज विचलित होत नाही, त्याला कंट्रोल युनिट. ही वाटणी हुद्द्याप्रमाणे अगोदरच ठरलेली असते, पण झोनलना सांगून आपसात थोडी अदलाबदल करता येत असेल तर ती पहिल्याच दिवशी करावी.

स्वतःच्या मताची सोय प्रशिक्षणाच्या वेळीच करून टाकावी. ड्युटी आपल्याच लोकसभा मतदारसंघात असेल तर नमुना १२ ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं आणि ज्या केंद्रावर काम करतो तिथल्या मशीनवरच मत देता येतं. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात असेल तर नमुना १२ भरून टपाली मत. प्रमाणपत्रावर मत देणाऱ्यांची नावं मार्क कॉपीच्या शेवटी हाताने वाढवायची असतात. ती वाढवायची राहिली, तर मार्क कॉपी आणि नोंदवही यांच्यात सकाळीच दोन-तीनचा फरक पडतो. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाने प्रमाणपत्रावर मत दिलं तर त्याचंही तसंच.

साहित्य ताब्यात घेताना पेन, मेणबत्त्या, सुतळी मोजण्यात वेळ घालवू नये. त्या वस्तू कमी पडल्या तर गावात मिळतात. तपासायचं ते असं, जे गावात मिळणार नाही. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) या तिन्हींचे क्रमांक आपल्याला दिलेल्या कागदाशी जुळतात का, ते अंक न अंक वाचून पाहावं. बॅलट युनिटवरची मतपत्रिका आपल्याच मतदारसंघाची आहे का, सरळ बसली आहे का, शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) आहे का ते बघावं. लोकसभेची मतपत्रिका पांढरी असते, विधानसभेची गुलाबी. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, त्यातलं एक नोटाचं. म्हणजे १५ पेक्षा जास्त उमेदवार असले की दुसरं युनिट आलंच. २०१९ मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद मतदारसंघात १८५ उमेदवार उभे होते आणि प्रत्येक केंद्रावर बारा बॅलट युनिटं जोडावी लागली होती. एकाहून जास्त युनिटं असतील तर कोणतं पहिलं, कोणतं दुसरं याच्या चिठ्ठ्या वाटपाच्या वेळीच लावून घ्याव्यात. पहाटे अर्धवट उजेडात क्रम चुकतो आणि मग मशीन एरर दाखवतं.

मार्क कॉपीची पानं सलग आहेत ना, पुरवणी यादी जोडली आहे ना, वगळलेली नावं खोडली आहेत ना हे पाहावं. दुसरी कोरी यादी सोबत असेल तर दोन्ही पानोपान मिळवून घ्याव्यात. प्रदत्त मतपत्रिका (ज्याच्या नावावर अगोदरच कुणी मत देऊन गेलं त्या मतदारासाठीच्या) २० असतात, त्यांचे अनुक्रमांक टिपून ठेवावेत. मशीन सील करायच्या हिरव्या कागदी मोहोरा आणि स्पेशल टॅग यांचे क्रमांकही. हे सगळे क्रमांक दुसऱ्या दिवशी तीन-चार ठिकाणी लिहायचे असतात, म्हणून एका कागदावर काढून तो खिशात ठेवला की काम हलकं होतं.

वाटपाच्या जागी मशीन जोडून, चालू करून पाहायचं नाही. मशीनची तपासणी अगोदरच झालेली असते. व्हीव्हीपॅटच्या मागची खटकी आडवी असते, म्हणजे कागदाचा रोल प्रवासासाठी बंद केलेला असतो. ती आडवी आहे आणि कंट्रोल युनिटचा स्विच बंद आहे एवढं पाहून पेट्या उचलाव्यात. बसमध्ये मशीन टपावर किंवा डिकीत टाकू नये, पायाशी ठेवावं.

केंद्रावर पोहोचल्यावर पहिलं काम वर्गाची मांडणी. मतदार एका दारानं येईल आणि दुसऱ्यानं जाईल अशी सोय असेल तर उत्तम. एकच दार असेल तर मधे दोरी बांधावी. मतदान कक्ष खिडकीपासून दूर हवा. बाहेरून कुणाला दिसू नये हे एक कारण, आणि दुसरं तितकंच महत्त्वाचं म्हणजे व्हीव्हीपॅटवर थेट ऊन किंवा प्रखर दिवा पडू नये. आतले सेन्सर उजेडानं गोंधळतात. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या लोकसभा पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येनं बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. त्या बिघाडांच्या कारणांमध्ये प्रखर प्रकाशाचा उल्लेख होता. म्हणून बल्बच्या बरोबर खाली कक्ष मांडू नये. आदल्या दिवशी दुपारी वर्ग पाहताना ऊन एका बाजूला असतं, सकाळी दुसऱ्या बाजूनं येतं. पूर्वेकडची खिडकी लक्षात घेऊनच जागा ठरवावी. केबल मतदाराच्या पायात येणार नाही अशी भिंतीकडून न्यावी आणि टेबलाच्या पायाला सैल बांधावी. दिवसभरातले बरेच ‘लिंक एरर’ पाय लागून सैल झालेल्या केबलमुळे येतात.

बाहेर १०० मीटरची रेषा आखून घ्यावी. तिच्या आत प्रचार चालत नाही, पक्षांचे बूथ २०२४ मध्ये २०० मीटरच्या बाहेर असत. हे काम पोलीस आणि बीएलओ (त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) यांच्यासोबत उजेडातच उरकावं. रात्री लिफाफ्यांवर केंद्राचं नाव आणि क्रमांक घालून ठेवावं, केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीतली मतदारसंख्या, मशीनचे क्रमांक असे न बदलणारे रकाने भरावेत. पण सह्या आगाऊ करू नयेत. मशीन सोडून सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला जाऊ नये. जेवणाची सोय कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून घेऊ नये, तो ओळखीचा असला तरी.

मतदान सातला सुरू होत असेल तर अभिरूप मतदान, ज्याला सगळे मॉकपोल म्हणतात, ते साडेपाचला. म्हणजे चार-सव्वाचारला उठणं आलं. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी आले की त्यांचा नमुना १०, म्हणजे नेमणूकपत्र घ्यायचा आणि त्यावरची उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही आपल्याकडच्या नमुना सहीशी ताडून पाहायची. एकही प्रतिनिधी आला नसेल, किंवा एकाच उमेदवाराचा आला असेल, तर १५ मिनिटं थांबावं आणि मग सुरू करावं. त्याहून जास्त थांबू नये. पुढचा सगळा वेळ मोजूनमापून दिलेला असतो.

जोडणीचा क्रम असा: बॅलट युनिटची केबल व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची केबल कंट्रोल युनिटला, मग व्हीव्हीपॅटची खटकी उभी, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोल युनिटचा स्विच. व्हीव्हीपॅटला वेगळा स्विच नाही. कंट्रोल युनिट चालू असताना केबल काढायची किंवा लावायची नाही, दिवसभरात कधीच नाही. कनेक्टर दोन्ही बाजूंनी दाबूनच काढायचा, केबल ओढायची नाही. चालू केल्यावर व्हीव्हीपॅट स्वतःच्या तपासणीच्या काही चिठ्ठ्या छापतं. त्या मतांच्या चिठ्ठ्या नव्हेत हे प्रतिनिधींना तेव्हाच दाखवून द्यावं, नाहीतर चिठ्ठ्या मोजताना गोंधळ होतो.

मॉकपोलमध्ये कमीत कमी ५० मतं टाकायची आणि नोटासह प्रत्येक उमेदवाराला किमान एक. कुणी कुणाला मत दिलं ते एका मतदान अधिकाऱ्याने कागदावर लिहीत राहावं. मग ‘क्लोज’, मग ‘रिझल्ट’. कागदावरची बेरीज, मशीनचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, तिन्ही उमेदवारवार जुळवायचे. त्यानंतर ‘क्लिअर’. या क्रमाला सगळे ‘सीआरसी’ म्हणतात आणि प्रशिक्षणात तो शंभरदा सांगितलेला असतो. तरीही चूक इथेच होते. साडेसहा वाजलेले असतात, बाहेर रांग लागलेली असते, प्रतिनिधी घाई करत असतात, आणि निकाल पाहून झाल्यावर कुणीतरी मशीन बंद करतं. ‘क्लिअर’ राहून जातं. मग ती ५० मतं खऱ्या मतांच्या पोटात जातात. हे टाळायचा उपाय साधा आहे. ‘क्लिअर’ दाबल्यावर ‘टोटल’ दाबून शून्य प्रतिनिधींना दाखवायचं आणि त्यांच्यापैकी एकाला तो आकडा मोठ्यानं वाचायला सांगायचा. शून्य वाचल्याशिवाय मॉकपोलच्या प्रमाणपत्रावर सही करायची नाही. माझ्या मते दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं एक मिनिट हेच.

व्हीव्हीपॅटची पेटी उघडून सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या, पेटी रिकामी असल्याचं दाखवायचं. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे मॉकपोलचा शिक्का, मग काळा लिफाफा, त्यावर सह्या, तो प्लास्टिकच्या डबीत आणि डबीला गुलाबी कागदी मोहोर. चिठ्ठ्यांवर शिक्का मारण्याचं काम दोघांनी वाटून घ्यावं, एकट्यानं केलं तर दहा मिनिटं जातात.

आता कंट्रोल युनिट बंद करून सील करायचं. हिरव्या कागदी मोहोरेच्या पांढऱ्या बाजूवर आपली आणि प्रतिनिधींची सही, मोहोरेचा क्रमांक त्यांना टिपून घ्यायला सांगायचा. ती निकालाच्या कप्प्याच्या आतल्या झाकणातल्या चौकटीत बसवायची, झाकण लावायचं, स्पेशल टॅगवर कंट्रोल युनिटचा क्रमांक लिहून दोऱ्यानं बांधायचा आणि लाखेचं सील करायचं. मग बाहेरचं झाकण लावायचं, मोहोरेची दोन टोकं बाहेर राहिली पाहिजेत. शेवटी ए-बी-सी-डी अशी अक्षरं असलेली पट्टी चिकटवायची. ती चिकटवताना ‘क्लोज’ बटणाची टोपी मोकळी राहील हे पाहावं. पट्टी टोपीवर आली तर संध्याकाळी बटण दाबण्यासाठी ती फाडावी लागते, आणि फाटलेल्या पट्टीचं उत्तर मोजणीच्या टेबलावर कुणाकडेच नसतं. लाख गरम असताना मशीनच्या प्लास्टिकवर सांडू नये म्हणून खाली पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. हिरवी मोहोर फाटली तर ती फेकायची नाही, दुसरी वापरायची आणि फाटलेली हिशेबात दाखवायची. व्हीव्हीपॅटची चिठ्ठ्यांची पेटीही याच वेळी पत्त्याच्या टॅगनं सील होते.

सातच्या ठोक्याला पहिला मतदार आत यावा. शाई, नोंदवही, चिठ्ठ्या सगळं जागेवर. शाईची बाटली वाळू भरलेल्या वाटीत उभी करून ठेवावी. ती कलंडली तर टेबल, नोंदवही आणि हात तिन्ही जातात. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून, आणि तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे ती कातडीवर धरते. बोटाला तेल किंवा मेण असेल तर नीट धरत नाही, म्हणून जवळ एक कोरडं फडकं ठेवावं. डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची. शाई आधी, सही नंतर. सही करून, चिठ्ठी घेऊन मतदार मशीनकडे जाईपर्यंत ती वाळते.

पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र पाहतो, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो म्हणजे प्रतिनिधींना ऐकू जातं, आणि मार्क कॉपीवर लाल शाईनं खूण करतो. स्त्री मतदार असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतो, त्यामुळे संध्याकाळी स्त्री-पुरुष वेगळे मोजता येतात. दुसरा अधिकारी शाई लावतो, नोंदवहीत मतदाराचा यादीतला क्रमांक लिहितो, ओळखपत्राच्या रकान्यात मतदार ओळखपत्र असेल तर ‘ईपी’ आणि दुसरं कागदपत्र असेल तर त्याचे शेवटचे चार अंक, मग सही किंवा अंगठा, आणि मतदार चिठ्ठी. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई पाहतो आणि कंट्रोल युनिटवर ‘बॅलट’ दाबतो. बॅलट युनिटवर बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो.

एका केंद्रावर हजार मतदार असले आणि सत्तर टक्के आले, तर अकरा तासांत सातशे माणसं, म्हणजे माणशी मिनिटभरही नाही. त्यात दुपारच्या उन्हात केंद्र ओस पडतं आणि सकाळी नऊ ते अकरा आणि चारनंतर गर्दी एकवटते. रांग तुंबते ती मशीनमुळे नाही, पहिल्या टेबलावर नाव शोधण्यात. म्हणून बीएलओला बाहेर बसवून मतदारांना भाग आणि अनुक्रमांक सांगणारी चिठ्ठी द्यायला लावावी. ही मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा नाही, हेही त्याला बाहेरच सांगता येतं. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड अशा बारा कागदपत्रांपैकी एक चालतं. ओळखपत्र दुसऱ्या मतदारसंघातलं जुनं असलं तरी, नाव आपल्या यादीत असेल तर ते धरायचं. नावातल्या काना-मात्रेच्या फरकावरून कुणाला परत पाठवू नये.

ताळा बिघडवणारी सर्वात नेहमीची घटना अशी. मतदार कक्षात जातो, बटण नीट दाबत नाही किंवा दाबलं असं समजून बीप वाजण्याआधीच बाहेर पडतो. तिसऱ्या अधिकाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं. पुढचा मतदार आत जातो, मशीन तयारच असतं, तो मत देतो. आता नोंदवही एकानं पुढे आणि मशीन एकानं मागे. हे दिवसभरात दोनदा घडलं तर दोनचा फरक. म्हणून तिसऱ्या अधिकाऱ्याला एकच नियम द्यावा: बीप ऐकल्याशिवाय पुढची चिठ्ठी हातात घ्यायची नाही, आणि ‘बिझी’चा दिवा लागलेला असताना मतदाराला कक्षाबाहेर जाऊ द्यायचं नाही. चिठ्ठ्या पन्नासच्या गठ्ठ्यांत रबर लावून ठेवाव्यात. नऊ, अकरा, एक, तीन, पाच अशी दर दोन तासांची टक्केवारी कळवायची असतेच. त्या प्रत्येक वेळी मिनिटभर रांग थांबवून ‘टोटल’ आणि नोंदवही ताडून घ्यावी. फरक पडला असेल तर तो दोन तासांच्या आतला असतो, आणि कधीकधी तो मतदार अजून पटांगणातच उभा असतो.

नोंदवहीत सही करून झाल्यावर एखाद्याने मत द्यायला नकार दिला, तर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्याला जबरदस्ती नाही. तोवर ‘बॅलट’ दाबलेलं असेल तर पुढच्या मतदाराला थेट मत द्यायला पाठवायचं. तो दिवसाचा शेवटचा मतदार असेल तर मात्र कंट्रोल युनिट बंद करून व्हीव्हीपॅटची केबल काढायची, पुन्हा जोडून चालू करायचं, म्हणजे ‘बिझी’ जातो आणि ‘क्लोज’ चालतं. ही युक्ती आधी माहीत नसेल तर सहा वाजता घाम फुटतो.

आपल्या नावावर अगोदरच कुणी मत देऊन गेल्याचं सांगणारा मतदार आला तर त्याची ओळख पटवून त्याला प्रदत्त मत द्यायचं. ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर, बाणफुलीच्या शिक्क्यानं. नाव नमुना १७ बी मध्ये, १७ ए मध्ये नाही. घाईत १७ ए मध्ये लिहिलं की ताळा एकानं चुकला. एखाद्या प्रतिनिधीनं मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतली तर प्रत्येक हरकतीला दोन रुपये रोख घेऊन, पावती देऊन तिथेच चौकशी करायची. हरकत खोटी आणि मुद्दाम घेतलेली ठरली तर पैसे जप्त. चौकशी चालू असताना रांग थांबवू नये, ती केंद्राध्यक्षाच्या टेबलावर बाजूला चालावी.

दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराला सोबती लागला तर सोबती १८ वर्षांवरचा हवा, त्या दिवशी त्यानं दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलं नसावं. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची आणि नमुना १४ ए मध्ये नोंद करायची. पण आधी विचारावं. बॅलट युनिटवर ब्रेलमध्ये अंक असतात, आणि अनेक दृष्टिहीन मतदारांना स्वतःच मत द्यायचं असतं. त्यांना घाईनं सोबती देणं म्हणजे त्यांचं गुप्त मत काढून घेणं.

व्हीव्हीपॅटमध्ये दुसऱ्याच उमेदवाराची चिठ्ठी आली अशी तक्रार कुणी केली तर घाबरून जाऊ नये. खोट्या तक्रारीला शिक्षा आहे हे सांगून लेखी घोषणा घ्यायची, नोंदवहीत त्याची दुसरी नोंद करायची आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकायला सांगायचं. चिठ्ठी बरोबर निघाली तर ते चाचणी मत कुणाला गेलं ते १७ सी मध्ये, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात लिहायचं, कारण मोजणीत ते वजा होतं. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवून वर कळवायचं.

मशीन बिघडलं तर काय बदलायचं याचे नियम वेळेप्रमाणे वेगळे आहेत आणि त्यात फार गल्लत होते. मॉकपोल चालू असताना जे बिघडलं तेवढंच बदलायचं. खरं मतदान सुरू झाल्यावर फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त व्हीव्हीपॅट, आणि मॉकपोल नाही. पण कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर पूर्ण संच बदलायचा आणि नोटासह प्रत्येक उमेदवाराला एक मत टाकून मॉकपोल करायचा, पुन्हा सीआरसी, पुन्हा सील. जुना संच सील करून जपायचा, त्यातली मतं मोजली जाणार असतात. चिठ्ठी छापली पण कापली न जाता लोंबत राहिली, तर ती ओढून पेटीत टाकायची नाही. ते मत नोंदलेलं नसतं. व्हीव्हीपॅट बदलल्यावर त्या मतदाराला पुन्हा मत देऊ द्यायचं. बिघाडाची वेळ, नवीन मशीन आल्याची वेळ आणि तेव्हाचा ‘टोटल’ दैनंदिनीत तिथल्या तिथे लिहावा.

सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, पण शेवटच्या माणसाला १ क्रमांक देऊन पुढे पुढे येत. पुढून वाटत गेलं तर मागे माणसं जोडली जातात आणि रांग संपत नाही.

शेवटचं मत झालं की प्रतिनिधींसमोर ‘टोटल’ आणि मग ‘क्लोज’. सकाळच्या ‘क्लिअर’ची ही जुळी चूक. बारा तास काम करून थकलेले हात ‘टोटल’ लिहून घेतात आणि थेट स्विच बंद करतात. ‘क्लोज’ दाबलेलं नसेल तर मोजणीच्या दिवशी ‘रिझल्ट’ दाबून निकाल दिसत नाही. ‘क्लोज’ दाबल्यानंतर पडद्यावर काय आलं ते वाचून, वेळ लिहून, मगच स्विच. केबल काढून व्हीव्हीपॅटची खटकी आडवी करायची आणि त्याची बॅटरी काढून घ्यायची, चिठ्ठ्यांच्या पेटीच्या सीलला हात न लावता. कंट्रोल युनिटची बॅटरी काढायची नाही.

मग चार आकडे. नोंदवहीत ७१२ आणि एकाने नकार दिला, तर मशीनवर ७११ हवेत. मार्क कॉपीवरच्या खुणा ७१२, प्रमाणपत्रावरची नावं धरून. जुळलं नाही तर नोंदवहीत अनुक्रमांक एखादा सुटला का, दोनदा आला का ते पाहावं. पान उलटताना हे फार होतं. तरीही फरक उरला तर आहे तो आकडा १७ सी मध्ये लिहायचा आणि फरक नोंदवायचा. आकडा जुळवण्यासाठी कुठेही खाडाखोड करायची नाही. एकाचा नोंदवलेला फरक समजावून सांगता येतो, खोडलेली नोंदवही सांगता येत नाही. १७ सी ची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला सही घेऊन द्यायची. एखादा न मागता निघाला तरी त्याला थांबवून द्यावी.

सांविधानिक, म्हणजे कायद्यानं ठरवून दिलेले कागद हिरव्या लिफाफ्यात: मार्क कॉपी, १७ ए, मतदार चिठ्ठ्या, प्रदत्त मतपत्रिका आणि १७ बी. हे सील करायचे. असांविधानिक पिवळ्यात. १७ सी, दैनंदिनी आणि मॉकपोलचं प्रमाणपत्र हे हातात वेगळे ठेवावेत, कारण जमा करण्याच्या जागी पहिल्यांदा तेच मागतात. १७ सी हिरव्या लिफाफ्यात घालून सील केलं की रात्री अकरा वाजता लाख फोडायची वेळ येते.

जमा केंद्रावर मशीन आणि कागद यांची टेबलं वेगळी असतात. मशीन स्ट्राँग रूमकडे गेल्यावर आणि सगळ्या लिफाफ्यांवर खुणा झाल्यावर पावती मिळते. ती मिळाल्याशिवाय एकानेही निघू नये. त्रुटी निघाली तर ती चौघांनी मिळून दहा मिनिटांत दूर होते, एकट्याला तास लागतो.

२०२४ मध्ये मोजणी ४ जूनला झाली. टेबलावर आपलं कंट्रोल युनिट येतं तेव्हा त्याचा क्रमांक आणि हिरव्या मोहोरेचा क्रमांक १७ सी शी ताडतात, प्रतिनिधी आपल्याकडची प्रत काढतात, ‘रिझल्ट’ दाबतात आणि एकूण मतं १७ सी शी जुळतात का पाहतात. उमेदवारवार आकडे १७ सी च्या दुसऱ्या भागात भरले जातात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सोडतीनं निवडून मोजतात, म्हणजे आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात तीस. ज्या मशीनचं ‘क्लोज’ राहिलं किंवा मॉकपोलची मतं काढायची राहिली, ते बाजूला ठेवतात. पहिल्या दोन उमेदवारांमधला फरक अशा केंद्रांच्या एकूण मतांपेक्षा कमी भरला, तर त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या एकेक करून मोजल्या जातात.